टरबूज घालून पाहायची मॅच

इंग्लंडहून परत आल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंत. राणीचा राजवाडा? नाही. लंडनमधला तो प्रसिद्ध पूल? गाडी बदलताना टॅक्सीच्या काचेतून, तोही अर्धाच. मग इतके दिवस केलंत काय? मी सांगते, कॅनडातल्या फुटबॉलची एक मॅच पाहिली, आणि तीसुद्धा पूर्ण नाही. यावर लोक विषय बदलतात. बाईंचं शाळेतून रिटायर झाल्यापासून जरा बिनसलंय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

लीड्स

माझे थोरले भाऊ, अण्णा, नागपूरला इंजिनियर झाले आणि कॅनडाला गेले. सस्कॅचवन नावाच्या प्रांतात रेजायना म्हणून गाव आहे, तिथल्या वीज कंपनीत त्यांनी सगळी नोकरी काढली. वहिनी गेल्यावर त्यांच्या मुलीने, अनुजाने, त्यांना लीड्सला आणलं. ती तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिचं घर चढावर, लाल विटांचं, शेजारच्या घराला इतकं चिकटलेलं की पलीकडच्यांची शिट्टी कितव्यांदा झाली हे मोजता यावं. पण पलीकडे कुकरच नव्हता. २००७ सालच्या नोव्हेंबरात मी तिथे पोचले तेव्हा दुपारी चारलाच अंधारून येत होतं, आणि माझं पहिलं मत असं झालं की या देशात माणसाला दिवस पुरा देत नाहीत.

हॉलमध्ये पाऊल टाकलं तर टेबलावर पाच टरबुजं. पुण्याकडचे लोक कलिंगड म्हणतात ते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि घरात टरबुजांची रास. मला वाटलं, बहीण विदर्भातून येतेय म्हणून हौसेने आणली असतील. मी सुरी मागितली तर अण्णांनी टरबुजं चक्क पोटाशी ओढून घेतली.

अनुजाने मला स्वयंपाकघरात नेलं आणि समजावून सांगितलं. अण्णांच्या गावचा फुटबॉल संघ हिरव्या कपड्यांत खेळतो, म्हणून तिथले प्रेक्षक टरबूज पोखरतात, कानांपाशी कापून त्याचं शिरस्त्राण करतात आणि ते डोक्यावर घालून मॅच बघतात. भल्याभल्या घरातली माणसं, वकील, मास्तर, सगळे. मी हसून हसून खुर्चीत बसले. अनुजा हसली नाही.

हे फुटबॉल पायाने खेळायचं नव्हे. लांबट चेंडू बगलेत धरून चिलखत घातलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावतात. अमेरिकेत खेळतात तेच ना, असं मी त्या संध्याकाळी म्हणाले आणि अण्णांचा पारा चढला. अमेरिकेत दहा यार्ड पुढे सरकायला चार वेळा संधी देतात, कॅनडात तीन वेळा. मैदान मोठं, माणूस एक जास्त. अण्णांच्या मते चार संधी मिळाल्यावर कोणीही शहाणा होतो, तीन संधींत करून दाखवायला माणूस लागतो. हे त्यांनी मला वरणाच्या वाटीभोवती चमचे मांडून पटवलं. मला पटलं नाही, पण वरण निवत होतं.

लीड्सला आल्यावर अण्णांनी एक खटाटोप केला होता. कॅनडात राहून मग इंग्लंडात आलेली मराठी मंडळी शोधून काढली आणि दर वर्षी त्या लीगची फायनल एकत्र बघायची असं ठरवलं. फायनल तिकडे संध्याकाळी असते, म्हणजे इकडे मध्यरात्र. नोकरदार माणसांना ते कुठलं जमायला. तेव्हा त्यांनी एक नेम काढला. रेजायनाचे जुने शेजारी मॅच उतरवून डीव्हीडी कुरियरने धाडायचे, आणि पुढच्या शनिवारी दुपारी सगळ्यांनी लीड्सच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये जमून ती बघायची. तोवर निकाल कोणी शोधायचा नाही, विचारायचा नाही, सांगायचा नाही. उपास पाळतात तसा हा नेम पाळायचे म्हणे. पहिल्या वर्षी खोली भरली होती. वहिनींच्या पद्धतीची मिसळ अण्णा स्वतः करायचे. मग कोणी ऑस्ट्रेलियाला गेलं, कोणी देवाघरी गेलं, आणि बाकीच्यांचे फोन लागेनासे झाले. शेवटी घरं उरली दोन, एक केंब्रिजला, एक साउथहॅम्प्टनला.

आणि नेमका या वर्षी, कितीतरी वर्षांनी, अण्णांचा संघ फायनलला पोचला होता. मी गेले त्याच्या आदल्या दिवशी मॅच होऊनही गेली होती. शनिवारी डीव्हीडी बघायची होती.

अण्णांचं म्हणणं, आमंत्रण घरी जाऊनच द्यायचं. फोनवर बोलावलं तर माणूस फोनवरच नाही म्हणतो. लग्नाची अक्षत फोनवर देता का तुम्ही? अनुजा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, प्लीज तू जा बाबाबरोबर. कोणी येणार नाही हे मला माहिती आहे, त्याला नाही. मला वीकभर ऑन-कॉल आहे, शनिवारी पण. त्याचं मन मोडेल तेव्हा कोणतरी बरोबर पाहिजे."

राजवाडा पाहायला आलेली मी, हिरव्या रिबिनी भरलेली पिशवी घेऊन अक्षत द्यायला निघाले.

केंब्रिज

वाटेत पीटरबरोला गाडी बदलली आणि पुढे जमीन अशी सपाट झाली की भूगोलाच्या मास्तरणीने खिडकी सोडू नये. पूर्वी ही सगळी दलदल होती, पाणी काढून शेतं केली. झाड नाही, टेकडी नाही, सरळ रेघ मारल्यासारखे पाण्याचे पाट आणि नांगरलेली काळीभोर माती. मला थेट वऱ्हाड आठवलं. मी अण्णांना म्हणणार, तर तेच काचेला नाक लावून म्हणाले, "शालू, हे बघ, सस्कॅचवन." दोघंही एकाच खिडकीतून आपापला देश बघत होतो. त्या तासाभरात अण्णा जेवढे बोलले तेवढे लीड्सच्या घरात बोलले नव्हते.

एकदा त्यांचा संघ पैशावाचून बुडायला आला होता, तेव्हा गावातल्या लोकांनीच पुढच्या हंगामाची तिकिटं विकायची ठरवली. वहिनी त्यात होत्या. नऊवारीच्या घरातली ही बाई पाचवारी साडीवर बर्फातले बूट आणि अण्णांचा ओव्हरकोट चढवून दारोदार गेली. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण शेजार वाचवायचा असतो, एवढं तिला कळत होतं, असं अण्णा म्हणाले. संघ वाचला. त्या देशाच्या राजधानीतला संघ मात्र एकदा बंद पडला, पुन्हा उभा केला, पुन्हा बंद पडला. मोठ्या शहरांतल्या पोरांना अमेरिकेतली लीग हवी असते, टीव्हीवर तीच दिसते. आपल्याच अंगणातला खेळ त्यांना गावठी वाटतो, हे सांगताना अण्णांचा आवाज खाली गेला. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही, पण मला भीती वाटली.

केंब्रिजचं वर्णन मी करत नाही. सायकली फार आहेत आणि गवतावर चालू देत नाहीत. आम्हाला जायचं होतं ते सबनीसांच्या घरी, स्टेशनपासून बसने लांब, नव्या वसाहतीत. अमोल सबनीस चाळिशीच्या आतला, मूळ पुण्याचा. पीएचडी सस्कॅचवनमध्येच केलेली, तेव्हा अण्णांच्या घरी जेवायला असायचा. आता एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. त्याने आम्हाला थालीपीठ दिलं आणि लोणी नव्हतं म्हणून सोबत हमस. हमस म्हणजे काबुली चण्याचं वाटण. थालीपिठाबरोबर बरं लागतं, पण हे घरी सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दारातच अण्णांनी हात वर करून त्याला बजावलं, निकाल सांगायचा नाही हं, आमचा नेम चालू आहे. अमोल गोंधळला.

"कसला निकाल, काका?"

तो लपवत नव्हता. मॅच झाली हेच त्याला माहीत नव्हतं. अण्णांचा हात तसाच वर राहिला होता. मी पटकन त्यांच्या हातातली पिशवी घेतली, हात खाली यावा म्हणून.

पुढे चहा झाला तेव्हा पोरगा प्रामाणिकपणे बोलला. गेल्याच महिन्यात अमेरिकेवाल्यांनी त्यांच्या लीगची एक मॅच लंडनला आणून खेळवली होती, आणि हा गेला होता. म्हणाला, "काका, अ‍ॅटमॉस्फिअर इन्क्रेडिबल होतं. पाऊस पडत होता तरी स्टेडियम फुल. ऑफिसमधले गोरेपण आले होते. आता सोमवारी कँटीनमध्ये बोलायला कोणीतरी असतं ना. कॅनडाचं कोणाला सांगू मी?"

अण्णांनी विचारलं, तिथे किती संधी होत्या, चार ना? अमोल हो म्हणाला. अण्णा म्हणाले, मग ठीक आहे. शनिवारचं आमंत्रण त्यांनी तरीही रीतसर दिलं, रिबीन दिली. अमोलने ती दोन्ही हातांनी घेतली आणि शनिवारी त्याच्या मुलीचा पोहण्याचा क्लास असतो असं सांगितलं. खोटं नसावं ते. या देशात सगळ्यांचा शनिवार आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेला असतो. आपल्याकडे माणूस येतो म्हणतो आणि येत नाही, इथे आधीच सांगतात. कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साउथहॅम्प्टन

पुढचा मुक्काम बापटांकडे. जाताना लंडनला गाडी बदलावी लागते. स्टेशनातल्या पेपरच्या दुकानापुढून जाताना अण्णा नजर जमिनीवर ठेवून, मफलर कानांवर ओढून चालले. मथळा दिसला तर, ही भीती. मी मुद्दाम थांबून दोन-तीन पेपरांची मागची पानं चाळली. क्रिकेट होतं, घोडे होते, त्यांच्या इकडच्या फुटबॉलचा प्रशिक्षक काढून टाकल्यावरून रडारड होती. कॅनडाचं अक्षर नव्हतं. मी त्यांना म्हणाले, अण्णा, डोळे उघडे ठेवा, इथे तुम्हाला काही धोका नाही. वाक्य तोंडातून गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं.

साउथहॅम्प्टनला खारा वारा होता आणि बंदरावर लाल-निळे कंटेनर रचून ठेवलेले. गल्लीच्या टोकाला एक पांढरी इमारत दिसली, तिला गोल खिडक्या. ती इमारत नसून बोट आहे हे कळायला मला दोन मिनिटं लागली. डॉक्टर बापट इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त आहेत. त्याआधी काही वर्षं रेजायनाला अण्णांच्या शेजारी राहिले. अण्णांचा आणि त्यांचा अरेतुरेचा दोस्ताना. कडाक्याच्या थंडीत स्टेडियमच्या बाकावर एका घोंगडीत दोघं बसत, ही गोष्ट मी नागपूरला पत्रांतून वाचलेली.

कुंदाताई बापटांनी तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड तुकडे बाहेरून आणले होते आणि वर घरची कोथिंबिरीची चटणी. मी ताटाला नावं ठेवायच्या तयारीने बसले होते, पण दुसऱ्यांदा मागून घेतलं. भिंतीला टेकवून दोन बॅगा भरून ठेवलेल्या दिसत होत्या. अण्णांना त्या दिसल्या नाहीत, किंवा दिसूनही दिसल्या नाहीत. ते आपले मिसळीला फरसाण लीड्सला कुठलं चांगलं मिळतं ते सांगत होते, आणि बापटांच्या डोक्याचं माप बोटांनी घेत होते, टरबूज त्या बेताने निवडलंय म्हणून.

बापटांनी त्यांचा हात धरून खाली ठेवला. ती गल्लीच्या टोकाची बोट शुक्रवारी निघणार होती, आणि ते दोघं तिच्यावर असणार होते. कॅनरी बेटं. उन्हात बसायला.

अण्णा म्हणाले, "अरे, मग डीव्हीडी मी पुढे ढकलतो. तू आल्यावर बघू. नेम मोडत नाही, लांबतो फक्त."

कुंदाताई उठून ओट्यापाशी गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. मग बापट म्हणाले, "मधू, या वयात तुझ्याशी खोटं नाही बोलवत. मला तो खेळ कधीच आवडला नाही. तीन काय नि चार काय, मला आजही कळत नाही. त्या गावात दुसरं कोणी नव्हतं रे. तू बोलवायचास, म्हणून मी यायचो."

"टरबूज घालायचास की," अण्णा म्हणाले.

"तू घालायचास म्हणून."

अण्णांनी मान हलवली. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चटणी छान झाल्याचं कुंदाताईंना सांगितलं, बोटीवर गार वारा लागतो तेव्हा कानटोपी घेऊन जा असं बापटांना बजावलं, आणि रिबीन देऊन नमस्कार केला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, शालू, तो घोंगडी मात्र नेहमी माझ्याकडे जास्त सरकवायचा. मला तेव्हा वाटायचं, मॅचच्या नादात त्याचं लक्ष नाही.

परतीच्या गाडीत आम्ही सँडविच खाल्लं. इंग्लंडातलं सँडविच गार असतं, आणि मला त्या दिवशी ते फारच गार लागलं.

पुन्हा लीड्स

घरी आल्यावर वाटलं, आता अण्णा बेत रद्द करतील. शुक्रवारी सकाळी मी खाली उतरले तर पाचही टरबुजं पोखरून खिडकीत पालथी घातलेली आणि गर पातेल्यांतून भरलेला. एकदा पोखरलं की ते दोन-तीन दिवसांत सडतं, ठेवून देता येत नाही. पाच कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. गर खाऊन बघितला. ब्राझीलहून आलेलं ते फळ होतं, दुकानदाराने गोड म्हणून शपथेवर विकलेलं, आणि चव पाण्याची. आमच्या कन्हान नदीच्या वाळूतलं टरबूज ज्याने खाल्लंय त्याच्याशी असा विनोद करू नये. तरी मी वाडगाभर संपवला, कारण अण्णा बघत होते.

शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या खोलीत अण्णांनी खुर्च्या मांडल्या. एका रांगेत जेवढ्या मावतील तेवढ्या. मिसळीचं भांडं टेबलावर. तिथल्या केअरटेकरने, टक्कल पडलेल्या यॉर्कशरच्या माणसाने, दार उघडून दिलं आणि पार्टी किती वाजता आहे असं विचारलं. अण्णा म्हणाले, सुरू झालीय. त्या माणसाला मिसळ दिली. त्याने पहिल्या घासाला डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. त्याचा स्वतःचा जीव रग्बीवर. त्यांच्याही मैदानावर आता पूर्वीसारखी माणसं येत नाहीत, असं काहीतरी तो सांगत होता. अण्णा ऐकत होते.

मग अण्णांनी टरबूज डोक्यावर चढवलं आणि लॅपटॉपवर डीव्हीडी लावली. सत्तरी ओलांडलेला माझा भाऊ, पॅंटला इस्त्री केलेली, डोक्यावर टरबूज, आणि शेजारी रिकाम्या खुर्च्यांची रांग. पहिल्या दिवशी अनुजाच्या स्वयंपाकघरात मी हसून हसून खुर्चीत बसले होते तेच हे. मी उठले आणि दुसरं टरबूज घातलं. ते थंडगार असतं, आणि रस मानेवरून थेट ब्लाऊजमध्ये उतरतो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, उठून ते नीट बसवलं, आणि पुन्हा बसले.

मला खेळ कळला असं म्हणणार नाही. पण तीन संधी मोजायला मी शिकले, आणि हिरव्यांची तिसरी वाया गेली की मीच अरेरे म्हणायला लागले. अण्णा मला वहिनींच्या नावाने हाक मारत होते, दोनदा तरी. मी ओ दिली. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा हिरवे थोडेसेच पुढे होते आणि चेंडू समोरच्यांकडे होता. मी खुर्चीच्या कडेवर आले होते.

अण्णांनी हात पुढे करून मॅच थांबवली. डीव्हीडी काढली, कव्हरात घातली.

केअरटेकर दारातच होता. त्याला वाटलं वेळ संपली म्हणून घाईने बंद करताहेत. तो म्हणाला, बसा हवं तितकं, मला कुठे जायचं नाही. अण्णांनी त्याचे आभार मानले.

मी म्हणाले, "अण्णा, अहो पाच मिनिटं राहिलीत."

"असू दे. पुढच्या वर्षी सगळे आले की बघू."

"तोवर तुम्हाला कळेलच ना कोणाकडून तरी."

अण्णांनी डोक्यावरचं टरबूज उतरवलं. पांढरे केस रसाने चिकटले होते. ते म्हणाले, "कोणाकडून?"

आम्ही खुर्च्या परत भिंतीला लावल्या.

नागपूर

परत येऊन आता महिने झाले. रविवारी अण्णांचा फोन येतो. लीड्सची हवा, अनुजाच्या ड्युट्या, माझे गुडघे. शेवटी एकदा आवाज हळू करून ते विचारतात, कोणी सांगितलं का गं तुला? मी म्हणते, मला इथे कोण सांगणार अण्णा. ते म्हणतात, तेच तर, आणि समाधानाने फोन ठेवतात.

सांगितलं कोणीच नाही, ते खरं आहे. आल्यावर आठवड्याच्या आत मी कोपऱ्यावरच्या इंटरनेट कॅफेत गेले आणि तिथल्या मुलीला शोधून द्यायला लावलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे स्क्रीन फिरवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला तिचा हात धरून सांगावंसं वाटलं. घरी येताना भाजीवाल्याला सांगावंसं वाटलं. धरमपेठेच्या भर बाजारात एवढी मोठी बातमी घेऊन मी उभी होते, आणि ती ऐकून ज्याला आनंद होईल असं अख्ख्या गावात एक माणूस नव्हतं. अण्णा इतकी वर्षं कसे राहिले हे मला तिथे, कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर, समजलं.

अण्णांनी मराठी मासिकं वाचायचं केव्हाच सोडलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ते जिंकले.